माहेरासाठी नवा प्रोसेसर

आई, आज दुपारी बारामतीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये मेमरीची पट्टी बसवत होते. दोन्ही अंगठे टेकवून दाबलं, टक असा आवाज आला आणि एकदम तू आठवलीस. तशी तू रोजच आठवतेस, पण येताजाता, कामाच्या गडबडीत. आज मात्र हातातलं काम बाजूला ठेवून बसावंसं वाटलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि ती भाऊबीज मी अजून कुणाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट सांगितलेली नाही. तुला काय सांगायचं म्हणा, तू तिथंच होतीस. पण तुझ्या बाजूनं जे घडलं ते एक, आणि माझ्या बाजूनं घडलं ते थोडं निराळं. म्हणून लिहिते.

तेव्हा मी डिप्लोमा संपवून बारामतीच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले होते. सकाळच्या एसटीनं इंदापूरहून जायचं, संध्याकाळी परत. क्लासमध्ये नवी मशीनं आली तेव्हा सरांनी एक जुनं मला दिलं, म्हणाले, घरी सराव कर. मी मॉनिटर मांडीवर आणि मशीनचा डबा पायांत घेऊन एसटीत बसले, तर वालचंदनगरच्या फाट्यावर चढलेली प्रत्येक बाई विचारायची, टीव्ही कुठल्या कंपनीचा? घरी कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारालगत ठेवला, कारण प्लग तेवढाच एक चांगला होता. अण्णा कचेरीतून आले, चपला काढता काढता त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो बातम्या दावतो का?" मी नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच्याकडे पुन्हा बरेच महिने पाहिलं नाही. तूही सुरुवातीला फक्त त्याच्यावर फडकं मारायचीस, तेही कोरडं, कारण ओलं चालत नाही हे मी तुला बजावलं होतं.

त्या मशीनवर एक गेम होता, शहर वसवायचा. दुकानादुकानांतून, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर फिरत आलेला. त्यात आधी मोकळी जमीन मिळायची. तिच्यावर आपणच टेकड्या उठवायच्या, नदी काढायची, झाडं लावायची आणि मग रस्ते, घरं, विजेचे खांब. एका रविवारी मी असं एक शहर मांडत बसले होते आणि तू माझ्या पाठीमागं दारात ज्वारी निवडत उभी होतीस.  मग म्हणालीस, "नदी अशी सरळ का गं काढलीस? कॅनॉल हाय का त्यो?"

"मग कशी काढू?"

तू ताट खाली ठेवलंस, पदराला बोट पुसलंस आणि मॉनिटरच्या काचेवर रेघ ओढलीस. "हितनं आली, की अशी वळती. वळणावर डोह. डोहाच्या वरल्या अंगाला मळा, आन मळ्याच्या कडंला आमची वस्ती."

मी तुझ्या बोटामागून नदी वळवली. काचेवर नदी वळली तशी तू खाली वाकलीस, आणि मला आठवतं, तुझा श्वास माझ्या कानाला लागत होता. पहिल्यांदाच तू स्टूल ओढून माझ्याशेजारी बसलीस. स्वयंपाकघरात पिठलं खाली लागलं तरी तुला वास आला नाही.

तुझं माहेर उजनी धरणाच्या पाण्यात गेलं हे मला लहानपणापासून माहीत होतं, जसं आपल्या घराचं तोंड पूर्वेला आहे हे माहीत असतं तसं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर यायचं, लोक होड्या करून बघायला जायचे, परत आल्यावर सांगायचे, शिखर अजून शाबूत आहे म्हणून. तुझी वस्ती मात्र देवळाच्याही खालच्या अंगाला, पार नदीच्या कडेला. ती कधीच वर आली नाही. आणि वस्ती उठली त्या दिवसांत मी तुझ्या पोटात होते, दिवस भरत आलेले. पहिलटकरणीनं माहेरी जायचं, पण माहेरच उठत होतं, म्हणून तू इंदापुरात सासरीच बाळंत झालीस. चार महिन्यांनी मला घेऊन गेलीस तेव्हा मामाचं बिऱ्हाड लांब, पुनर्वसनाच्या जमिनीवर गेलेलं होतं, आणि तुझ्या पाऊलवाटेच्या जागी पाणी होतं. मामा त्याबद्दल कधीच एक शब्द बोलला नाही. एसटीतून येताना तो नदीकडच्या खिडकीला बसायचा नाही. तूही विचारलं नाहीस. मी मोठी होईपर्यंत तुमच्या दोघांचं बोलणं पाऊस, मेंढरं, पोरांची लग्नं यांच्यापुढं गेलेलं मी ऐकलं नव्हतं.

आणि मग हा गेम. तू काम करायचीस ती बालवाडी सकाळी सुटली की घरी यायचीस, भाकरी टाकून व्हायची आणि दुपारी मी सुट्टीवर असले की मला घेऊन, नसले की एकटीनंच मशीन सुरू करायचीस. पहिल्या आठवड्यात माऊस टेबलाच्या कडेवरून सतरा वेळा खाली पडला. "ह्यो उंदीर माज्या हाताला कशाला बांधलास," असं म्हणायचीस, पण सोडायची नाहीस. गेममध्ये जागोजाग पाट्या लावता यायच्या, पण इंग्रजीत. म्हणून तू बालवाडीतल्या तक्त्यावरून मोठी लिपी शिकलीस. MALA. DOH. VADA. प्रत्येक अक्षर सापडलं की तू ते दाबायच्या आधी माझ्याकडे बघायचीस.

गेममध्ये आपलं काहीच नव्हतं, म्हणून तू जे होतं त्यातूनच भागवलंस. मेंढरांच्या वाड्याला छोटी बाग दिली. विहिरीला पाण्याचा पंप. म्हसोबाला चर्चची इमारत द्यावी लागली, तेव्हा मी घाबरत विचारलं, चालेल का? तू म्हणालीस, "चालंल की. आत देवच हाय न्हवं." विजेच्या खांबांवरून मात्र तुझं आणि गेमचं भांडण झालं. खांब ओढल्याशिवाय घरांत माणसं राहायलाच यायची नाहीत. "आमच्या वस्तीवर लाईट कुठं हुती?" तू म्हणालीस, आणि शेवटी हसत हसत एकेक खांब रोवत गेलीस. "घ्या गं बायांनो, बुडाल्यावर लाईट आली तुमास्नी."

वस्ती झाली, तेवढ्यावर तू थांबशील असं मला वाटलं होतं. पण वस्तीवरून देवळाकडं जाणारी वाट हवी होती, मग देऊळ हवं, देवळापाशी बाजार भरायचा तर बाजाराची जागा हवी, बाजाराला ज्या गावांहून माणसं यायची ती गावंही हवीत. इंदापूरच्या आठवडी बाजारात तुला अशा बाया सापडायला लागल्या ज्यांची गावं तुझ्यासारखीच पाण्यात गेली होती. तू भाजी घ्यायचं सोडून त्यांच्यापुढं उकिडवी बसायचीस. "तुमच्या दारात चिंच हुती का लिंब?" "लिंब. आन मागं उकिरडा." उकिरडासुद्धा तू मांडलास. घरी येऊन पिशवी ठेवायच्या आधी मशीन सुरू. एकेक लिंब, एकेक बाभूळ. नदीचे दोन्ही काठ भरत गेले.

आणि मग मशीन अडकायला लागलं. आधी नुसतं चित्र सरकवताना धक्के बसायचे. पुढं पुढं माऊस हलवला की बाण थोड्या वेळानं हलायचा. पावसाळा संपेपर्यंत अशी गत झाली की एक झाड लावलं की तू उठून चहाचं आधण ठेवून यायचीस, तेव्हा ते झाड उगवायचं. शेवटी एके दिवशी तू नवीन गावात घरं मांडत असताना सगळं चित्र गोठलं, खाली मेमरी पुरत नाही अशी इंग्रजी ओळ आली, आणि सकाळपासूनचं काम गेलं. तू मशीन बंद करून त्याच्यावर फडकं टाकलंस. पण त्याच आठवड्यात मामाचं पत्र आलं होतं की भाऊबीजेला येतो, आणि तू ठरवून टाकलं होतंस, "औंदा दादाला दावायचं."

त्या दिवशी मी तुला सहज म्हणून सांगितलं. वाईट मनात काहीच नव्हतं. म्हटलं, "आई, लांबची चार गावं काढून टाकू. नुसती वस्ती आणि मळा ठेवू. मग पळेल बघ."

तू माझ्याकडे वळलीस. तू मला आयुष्यात फार वेळा रागावली नाहीस, म्हणून ते मला जसंच्या तसं आठवतं. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "एकदा काढली त्येवढी बास झाली. आता एक झाडबी निघणार न्हाय. मशीन बदल, न्हायतर बंद कर."

बारामतीत बसस्टँडसमोर तेव्हा एकच बऱ्यापैकी दुकान होतं. मी क्लास सुटल्यावर तिथं गेले. दुकानदार पन्नाशीचा, बोलायला सरळ माणूस. मी सांगितलं की जुनं मशीन आहे, त्याची मेमरी आणि प्रोसेसर वाढवायचाय. त्यानं विचारलं, कशासाठी? म्हटलं, गेमसाठी. कोण खेळतं, भाऊ? म्हटलं, आई. तो हसला, पण वाईट हसला नाही. मग म्हणाला, "मॅडम, नवीनच घ्या. जुन्यात एवढा जीव कशाला घालताय?" नवीन घेणं आपल्याला शक्य नव्हतं हे मी त्याला सांगितलं नाही, तशीच उभी राहिले. दुकानाच्या मागच्या बाजूला लांब टेबलावर उघडे डबे पडलेले दिसत होते, दिवाळीच्या मागणीचे. एकच माणूस तिथं घाम पुसत होता.

"हे सगळे दिवाळीआधी जोडायचेत?" मी विचारलं.

"जोडायचे तर आहेत. होतील असं वाटत नाही."

"मी जोडते. मला मोबदल्यात मेमरी आणि प्रोसेसर द्या."

"कधी डबा उघडलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "एकदा दाखवा. दुसऱ्यांदा विचारणार नाही."

आई, हे मी कुठून बोलले ते मला आजही कळत नाही. वर्गात मी फळ्यावर कॉम्प्युटरची चित्रं काढून शिकवायची, हा इनपुट, हा आऊटपुट. आतला हिरवा पत्रा, म्हणजे बोर्ड, मी पाहिलाही नव्हता. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काउंटरची फळी वर उचलली. म्हणाला, "ओढणी कमरेला बांधा. पंख्यात जाते."

त्या पंधरवड्यात मी जे शिकले त्यावर पुढं माझं सगळं उभं राहिलं. मेमरीची पट्टी आधी तिरकी घालायची, मग उभी करायची, की दोन्ही बाजूच्या कड्या आपोआप टक करून धरतात. प्रोसेसरचा एक कोपरा कापलेला असतो, तो खाचेतल्या खुणेपाशीच आला पाहिजे. जोर लावायचा नाही. ज्याला जोर लागतो ते चुकीचं बसतंय. आणि जम्पर, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी, जी दोन सुयांवर बसवली की मशीनला कळतं आता किती दाबाची वीज द्यायची. माझ्या नव्या प्रोसेसरला जुन्यापेक्षा कमी दाब लागत होता. ती टोपी जुन्याच जागी राहिली तर सुरू केल्याबरोबर तो जळणार. दुकानदारानं हे मला दोनदा सांगितलं, कारण असा जळलेला एक त्यानं खिळ्याला टांगून ठेवला होता. क्लास सुटला की मी थेट त्या टेबलाशी. शेवटी शेवटी त्याचा माणूस मला त्याचे स्क्रू ड्रायव्हर आपणहून द्यायला लागला. पुण्याहून माझा प्रोसेसर यायला मात्र उशीर झाला. पाडव्याच्या दिवशी, दुकानाची पूजा आटोपल्यावर, दुकानदारानं तो आणि मेमरीच्या पट्ट्या जुन्या पेपरात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "ताई," तो म्हणाला, तोपर्यंत मॅडमची ताई झाली होती, "चाललं तर मला येऊन सांगा. नाही चाललं तरी या."

भाऊबीजेच्या सकाळी तू अंगण झाडून रांगोळी घातलीस, पाट मांडलास, निरांजनाची वात वळून ठेवलीस आणि येऊन माझ्याजवळ उभी राहिलीस. मामाची एसटी दुपारी येणार होती. मी डबा जमिनीवर चादरीवर आडवा ठेवला. उघडल्यावर आतून एवढी धूळ निघाली की तू म्हणालीस, "ह्येच्यात तर आख्खं गाव नांदतंय." वस्तीची एक प्रत मी फ्लॉपीवर काढून ठेवली होती, पण फ्लॉपी उघडायला मशीन तर हवं, आणि हे गेलं तर दुसरं नव्हतं. जुना प्रोसेसर मी काढला. दांडी उचलली की तो सैल होतो, दाढ निघावी तसा. मग अडलं. जम्परची टोपी कुठल्या सुयांवर ठेवायची ते दुकानातल्या बोर्डांवर मला पाठ होतं, पण आपला बोर्ड वेगळ्याच जातीचा निघाला. त्याच्यासोबतचा कागद सरांकडे कधीच नव्हता. बोर्डाच्या पत्र्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं, पण ते इतकं बारीक की मी डोळे फोडून पाहिलं तरी ठिपकेच दिसायचे. मी अंदाजानं टोपी ठेवणार होते. खरंच ठेवणार होते.

"थांब," तू म्हणालीस. चष्मा काढलास. तुला लांबचं कधी दिसलं नाही, शाळेत फळा दिसायचा नाही म्हणून तुझी शाळा सातवीत सुटली. पण जवळचं, अगदी नाकाला लागेल इतकं जवळचं, तुला असं दिसायचं की सुईत दोरा ओवायला आळीतल्या बाया तुझ्याकडे यायच्या. तू चादरीवर पालथी झोपलीस, डोकं डब्यात घातलंस आणि तक्त्यावरून शिकलेली ती लिपी एकेक करून वाचायला लागलीस. "जे. मग आकडा. बारा. म्होरं पाच, मग व्ही. त्येच्या खाली तीन, टिंब, चार पाच, व्ही. आन दोन चौकोन हायत, एक भरल्याला."

"खालच्या ओळीत भरलेला चौकोन कुठल्या बाजूला?"

"चुलीकडं."

खालची ओळ म्हणजे कमी दाब, भरलेला चौकोन म्हणजे टोपीची जागा; मी टोपी चुलीकडच्या सुयांवर बसवली. प्रोसेसर त्याच्या खुणेला लावला, तो स्वतःच्या वजनानं खाली बसला, दांडी पाडली. वर पंखा. मग मेमरीच्या पट्ट्या, टक, टक. अण्णा पेपर बाजूला ठेवून बघायला लागले होते. मी बटण दाबलं.

काळा पडदा. आणि डब्यातून एक लांब, चिरका आवाज, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.  वाटलं जळला, खिळ्याला टांगायचा दुसरा. मी बटणाकडे हातसुद्धा नेऊ शकत नव्हते. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास.

"वरडतंय न्हवं?"

"हो."

"मग जित्तं हाय. मेलेलं वरडत न्हाय."

तू बालवाडीच्या आधी कितीतरी बायांच्या बाळंतपणात उभी राहिली होतीस, तुला रडणाऱ्याची भीती वाटायची नाही. आणि तुझं खरं होतं. दुकानात शिकवलेलं मला तेव्हा आठवलं, असा लांब आवाज आला की दुखणं मेमरीचं. बंद करून पट्ट्या काढल्या. एकीच्या खाचेत धूळ होती. तुझ्या रांगोळीच्या डब्यातला कोरडा ब्रश घेऊन ती खाच झाडली, पट्टी पुन्हा तिरकी घातली, उभी केली. ह्या वेळेचा टक वेगळा होता, भरीव. बटण दाबलं. एक छोटा, हसरा आवाज, आणि पडद्यावर मेमरीचा आकडा चढायला लागला. जुना जिथं थांबायचा तिथून पुढं, पुढं, पुढं गेला. अण्णा म्हणाले, "आरं, थांबंना की."

मामा आला तेव्हा तू त्याला आधी पाटावर बसवलंस. ओवाळलंस, तोंडात करंजी घातलीस. त्यानं पिशवीतून तुझ्यासाठी आणलेलं लुगडं काढायच्या आधीच तू त्याचा हात धरलास. "दादा, ते ऱ्हाऊ द्या. आज म्याच तुमाला दीन." त्याला तू मॉनिटरपुढं खुर्चीत बसवलंस. धोतर सावरून तो बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि माझ्याकडं पाहिलं, की हे काय नवीन.

मी गेम उघडला. नदी आली. तू माऊस हातात घेतलास आणि चित्र सरकवायला सुरुवात केलीस, आणि आई, ते सरकलं. धक्का नाही, थांबणं नाही. पाण्यावरून होडी जावी तसं. डोह आला, मळा आला. मामाचं तोंड बघत मी उभी होते.  त्याला नुसतं रंगीत चित्र दिसतंय असं मला वाटलं. मग त्यानं बोट उचललं आणि काचेला लावलं.

"ही बाभूळ हितं न्हाय."

"हितंच हुती," तू म्हणालीस. "मी सावलीला बसायची."

"तू बारकी हुतीस. ती चिलार, तीबी काटंरीच. बाभूळ वाड्याच्या पल्याड, वाटंच्या कडंला. तिच्या शेंगा मी पाडायचो मेंढरास्नी."

तू बाभूळ उचललीस आणि वाड्याच्या पलीकडं लावलीस. ती त्याच क्षणी उगवली. मामा दचकला. मग तो खुर्चीत पुढं सरकला. "आन ह्यो रस्ता असा जात न्हवता. चढ हुता." चढ झाला. "विहीर जरा खाली." विहीर खाली आली. तो बोलत गेला, तू हलवत गेलीस, तुम्ही भांडलात, देवळाच्या पायऱ्यांवरून तर चांगलंच भांडलात, आणि एवढ्या वर्षांत न बोललेलं सगळं त्या भांडणातून बाहेर आलं. कोण कुठं राहायचं, कुणाचा बैल डोहात गेला, तुझी आई कुठं बसून लोकर कातायची. मधेच मामा थांबला. पडद्यावर तुमचं घर होतं, त्याच्यापुढं तू मोकळी चौकट सोडली होतीस, अंगणाची.

"जायच्या दिशी," तो म्हणाला, "तुज्या वैनीनं आंगण सारवलं. म्या म्हनलं, येडी का खुळी, उद्या ह्येच्यावर पानी हाय. तर म्हनली, पानी आलं तरी शेणानं सारवलेल्या आंगणात यीऊ दे. तू न्हवतीस. तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

तू माऊस सोडलास. तू रडलीस, मामा रडला, अण्णा उगाचच पंख्याचं बटण बघायला उठले. मग मामानं टोपीनं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "बाय, ह्येच्यात पानी येतं का गं? पूर?"

"येतो, मामा. पूर, आग, भूकंप, सगळं येतं. पण बंदही करता येतं."

"बंद हाय," तू म्हणालीस. "पयल्याच दिशी करून टाकलाय."

मामा तुझ्याकडे बघत राहिला. आणि मग हसायला लागला. धोतराचा सोगा तोंडाशी धरून, खुर्ची हलेपर्यंत हसला. "लई ब्येस केलंस," म्हणत राहिला, "लई ब्येस केलंस, बाय." त्या दिवशी तो मुक्कामाला राहिला, आणि दुसऱ्या दिवशी परत जाताना एसटीत नदीकडच्या खिडकीला बसला, हे तू मला नंतर कितीदा सांगितलंस.

पुढं तर आपल्या घरी रांग लागली. बाजारातल्या त्या बाया, त्यांचे नवरे, सुना. प्रत्येकीला आपलं दार बघायचं असायचं, प्रत्येकीचं एखादं झाड चुकलेलं असायचं, आणि मशीन ते सगळं पेलायचं. दिवाळीनंतर मी दुकानदाराला जाऊन सांगितलं, चाललं. त्यानं विचारलं, क्लास सोडून इथं येता का? आज ते दुकान माझं आहे. कॉलेजची पोरं गेमसाठी मशीन बनवून घ्यायला पार भिगवणहून, अकलूजहून येतात, आणि त्यांना वाटतं ह्या बाईला गेममधलं काय कळणार. तुझी वस्ती मी प्रत्येक नव्या मशीनवर उतरवत आणली. आता ती इतक्या भरभर सरकते की तू ओरडली असतीस, हळू, म्हणून.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. लिहून झालं की तुझ्या वस्तीच्या शेजारीच ठेवून देईन. पण लिहायला बसलेच आहे तर एक गोष्ट कबूल करते. त्या दुपारी तुम्ही सगळे रडत होता, आणि सगळ्यांना वाटत होतं मीही मागं उभी राहून डोळे पुसतेय. मी रडत नव्हते. मी तोंडावर ओढणी धरून हसत होते. मामा बोलत होता, तू झाडं हलवत होतीस, आणि माझे डोळे बाणावर होते, पंख्याच्या आवाजावर होते. आई, तुझं माहेर मला तेव्हा दिसतही नव्हतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की मी हात लावलेलं मशीन कुठंही अडकत नाही.